‘नळ्या बदलल्या’

धाकट्याने विमान घेतलं, ही बातमी थोरल्याला आईकडून कळली. तीस वर्षं छोट्या विमानतळावरच्या शेडमध्ये दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करणारा हा माणूस, पण सख्ख्या भावाने घेण्याआधी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"विचारलं असतं तर तू आधी खोटच काढली असतीस," धाकटा नंतर हसत म्हणाला. त्यात तथ्य होतं.

विमान ट्रकवरून आलं. हलकं, दोन माणसांचं, पांढरंशुभ्र. आधीच्या मालकाने चार वर्षं ते झाकून ठेवलं होतं. दातांच्या डॉक्टरकीत चांगला जम बसलेल्या धाकट्याला उडवायचा परवाना मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि तो त्या विमानाभोवती नव्या नवरदेवासारखा फिरत होता.

"नव्यासारखंच आहे, दादा. चाललंच नाहीये फारसं."

"तीच तर भीती आहे. चाललेलं यंत्र झिजतं, उभं राहिलेलं कुजतं."

पुढच्या शनिवारी थोरल्याने अख्खी सकाळ त्याला शिकवण्यात घालवली. "तेल बघायच्या आधी पंखा हाताने फिरवायचा. तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज आला की मग मोजायची काडी बुडवायची, नाहीतर काडी खोटं सांगते. पेट्रोलच्या टाकीतलं तळाचं थोडं बाटलीत काढून उजेडात धरायचं, पाणी असेल तर खाली बसलेलं दिसतं. आणि किती तास उडालास ते त्याच दिवशी वहीत लिहायचं, आठवेल तेव्हा नाही." मग त्याने इंजिनावरचं झाकण काढलं आणि एका काळ्या रबरी नळीवर छापलेली तारीख बोटाने दाखवली. "यांचं आयुष्य पाच वर्षं. ते कधीच संपलंय. सगळ्या नळ्या बदलल्याशिवाय हे उडणार नाही."

"दिसतायत तर चांगल्या."

"तू पेशंटला काय सांगतोस? दुखत नाही म्हणजे कीड नाही, असं?"

धाकटा मनापासून हसला. पण हसता हसता तो मोबाइलमध्ये विमानाचे फोटो निवडत होता. पालथ्या घड्यावर पाणी, थोरल्याने मनात म्हटलं आणि त्याच दुपारी नळ्या मागवल्या.

नळ्यांचं खोकं यायला तीन आठवडे लागले. आलं ते शुक्रवारी. शेडमध्ये त्या वेळी उड्डाण शाळेचं विमान इंजिन उघडून पडलं होतं, आणि ते सोमवारी सकाळी द्यायचा शब्द थोरल्याने दिला होता. त्याने खोकं फळीवर ठेवलं. "सोमवारी दुपारी तुझ्या कामाला लागतो," त्याने धाकट्याला फोनवर सांगितलं.

"सोमवारी? अरे, रविवारी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे! मी तिला वर नेणार म्हणून कबूल केलंय."

"मग पुढच्या रविवारी ने. आकाश कुठे पळून जातंय?"

आई थोरल्याकडेच राहायची. त्याने लग्न केलं नव्हतं. घरात ही दोघंच. त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"एवढं कशाला ताणतोस रे? भाऊच ना तुझा?"

"आई, हा भावाचा प्रश्न नाही. नळ्या जुन्या आहेत."

"मी काय रोज उडणार आहे? एकदाच हौस आहे. तो नेतोय तर तू आडवा का येतोस?" तिने भाताचा घास ताटात तसाच ठेवला. "तीस वर्षं विमानांत काढलीस. तू तर कधी नेलं नाहीस मला."

थोरल्याकडे विमान दुरुस्त करायचा परवाना होता, उडवायचा नव्हता. हे तिला ठाऊक होतं. तरीही ते वाक्य हाडात शिरलं होतं.

शनिवारी सकाळी त्याने प्रत्येक नळी बोटांनी चाचपली, जमेल तिथे वाकवून पाहिली. चीर कुठे दिसली नाही. सोमवारी बसवायच्याच आहेत, दोन दिवसांनी असं काय होणार, असं मनाला समजावत त्याने विमानाच्या दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, ‘नळ्या बदलल्या.’ खाली सही केली. न केलेल्या कामाखाली तीस वर्षांत त्याने केलेली ही पहिली सही.

"एकच चक्कर," त्याने धाकट्याला बजावलं. "दहा मिनिटं. धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची नाही."

"शब्द, दादा."

रविवारी आईने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आत बसवताना थोरल्याने तिचा पट्टा स्वतः आवळला. ती लहान मुलीसारखी हसत होती. विमान उडालं, मैदानावरून वळलं, आणि नदीपलीकडे गेलं. धाकट्याला आपला बंगला आईला वरून दाखवायचा होता.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मग थोरल्याचा फोन वाजला.

इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी आतल्या वळणावर फाटली होती, जिथे बोट पोचत नाही. इंजिन बंद पडलं. धाकट्याने विमान एका नांगरलेल्या शेतात उतरवलं, आणि त्याच्याबद्दल खरं सांगायचं तर बरंच नीट उतरवलं; पण पुढचं चाक मातीत रुतलं आणि विमान नाकावर आपटलं. त्याच्या कपाळाला खोक पडली. आईचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

चौकशीला आलेला अधिकारी सभ्य होता. त्याने टेबलावर एका कागदावर फाटकी नळी ठेवली, शेजारी वही उघडून ठेवली, आणि शेडमधल्या फळीवर सापडलेलं न उघडलेलं खोकं.

"ही सही तुमची?"

"हो."

"कोणी दबाव आणला होता?"

थोरल्याच्या डोळ्यांसमोर ताटात राहिलेला तो घास आला. "नाही," तो म्हणाला. आई आणि धाकटा, दोघांपैकी एक जण तरी आपणहून बोलेल, अशी त्याला आशा होती.

धाकट्याने जबाबात लिहून दिलं, ‘मला नळ्यांतलं काही कळत नाही. वहीत सही होती, ती अनुभवी माणसाची होती, म्हणून मी उडालो.’

बाहेर व्हरांड्यात त्याने थोरल्याला गाठलं. "दादा, मी खोटं तर काही सांगितलं नाही ना?"

"नाही," थोरला म्हणाला. "एकही शब्द खोटा नाही."

थोरल्याचा परवाना गेला. शेडच्या मालकाने त्याची हत्यारं एका पेटीत नीट भरून घरी पाठवली, आणि तेवढ्यावर तीस वर्षं आटोपली. आता तो एका दुकानात सकाळी पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि दुपारनंतर आईचं बघतो. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. धाकट्याच्या बंगल्यात जिने फार, शिवाय त्याचा दवाखाना. तेव्हा ती इथेच बरी, असं सगळ्यांचं मत पडलं. थोरल्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो वेगळं म्हणाला नसता.

पहिल्या महिन्यात एकदा तिने विचारलं होतं, "पण तू सही केलीसच कशी रे?" तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरोखरच आठवत नव्हतं. थोरल्याने गोळ्यांची वेळ बघितली.

धाकटा दर रविवारी येतो. परवा आला तो मोठा फुलांचा गुच्छ घेऊन. आईच्या उशाशी खुर्ची ओढून त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला.

"नवीन घेतोय, आई. या वेळी अगदी कोरं, थेट कारखान्यातून. आता कोणाच्या सहीवर विसंबायला नको."

थोरला दारात गरम पाण्याचं घमेलं घेऊन उभा होता. धाकट्याच्या लक्षात आलं, तसा तो जरा चपापला. "दादा, तुला उद्देशून नाही हं."

"नळ्या तुझ्या, विमान तुझं," थोरला म्हणाला. "घमेलं ठेवायला जागा दे."

अर्ध्या तासाने धाकट्याला कुठेतरी जायचं होतं. त्याने आईच्या कपाळावर हात ठेवला, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी काढली. थोरला आईच्या अंगाखालची ओली चादर ओढून काढत होता. आई खिडकीतून जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"किती करतो गं बाई माझ्यासाठी," ती स्वतःशीच म्हणाली. "एवढ्या व्यापातून वेळ काढून येतो बिचारा."

थोरल्याने कोरडी चादर झटकली, कोपरा गादीखाली खोचला.

"कूस बदल, आई," तो म्हणाला. "डावीकडे. हळू."