बोटांनी न उघडलेला फोन

कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या बाईने वरच्या केबिनमधून सगळं मोबाइलवर टिपलं होतं. गंजलेल्या साखळीवर लटकायला वेल्डरने नकार दिला. सुपरवायझरने त्याला पाइपने झोडपलं आणि तसंच वर चढवलं. साखळी तुटली. वेल्डर जागीच गेला. तो तिचा मावसभाऊ.

अपघात म्हणून कागद रंगले. पोलिसांत जायचं तिला धाडस होईना. ती मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या नणंदेकडे गेली.

"वहिनी, आधी हे बोटाचं कुलूप काढ," नणंद म्हणाली. "बोट कुणीही धरून दाबेल. सहा आकडे ठेव. अन् वाढदिवस नको हं, तो अख्ख्या कारखान्याला पाठ आहे."

मग तिने व्हिडिओची प्रत इंटरनेटवरच्या खात्यात चढवली आणि त्याला वेगळा पासवर्ड दिला.

क्रेनमधून तिला व्हिडिओ काढताना कुणीतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरने तिला स्टोअरमध्ये ओढलं. स्टोअरकीपरने दाराला कडी घातली.

पहिल्याच थपडेत तिचा ओठ फाटला. सुपरवायझरने तिचा अंगठा स्क्रीनवर दाबला, मग एकेक करत दहाही बोटं. फोन ढिम्म.

"आकडे बोल!"

त्याने तिची करंगळी टेबलावरच्या शिकंज्यात घातली आणि दांडा फिरवला. हाड कडकन मोडलं. किंचाळत तिने चुकीचे आकडे सांगितले. पुन्हा दांडा, पुन्हा चुकीचे आकडे. शेवटी फोनने आकडे घेणंच बंद केलं.

सुपरवायझरने घण उचलला आणि फोनचा चुरा केला.

"आता दाखव कुणाला दाखवायचंय ते!"

"साहेब, माझ्याकडे तेवढंच होतं हो," म्हणत ती हमसून रडली. दुखणं खरं होतं, त्यामुळे रडणंही खरं वाटलं. त्यांनी तिला लाथ मारून बाहेर काढलं.

रक्ताळलेला हात ओढणीत गुंडाळून ती नणंदेला घेऊन थेट पोलीस चौकीत गेली. नणंदेने आपल्या फोनवर खातं उघडलं. इन्स्पेक्टरने व्हिडिओ तीनदा पाहिला. संध्याकाळी सुपरवायझरला भरल्या ताटावरून उचललं. स्टोअरकीपर दोन तासांत पोपटासारखा बोलला.

करंगळी कापावी लागली. वेल्डरची बायको दवाखान्यात आली आणि म्हणाली, "तो व्हिडिओ मलाही दाखव."

"नको गं, बघवणार नाही तुला."

तिने ऐकलं नाही. नणंदेच्या फोनवर शेवटपर्यंत बघितलं. मग क्रेनवालीचा बँडेज बांधलेला हात तिने आपल्या मांडीवर घेतला.