झॅस्ट्रोंचं पुढचं दार

ऑर्विल झॅस्ट्रोच्या गुत्त्यात शिरायचं तर स्वयंपाकघरातून शिरावं लागायचं. तळणीचा धूर अंगावर घेत आणि भांडी घासणाऱ्या बाईला "जरा सरका" म्हणत. पुढचं दार होतं, चांगलं ओकच्या लाकडाचं, पण ते उघडायचं थेट दलदलीत. एवढ्या वर्षांत त्या दारातून बेडकांशिवाय कुणी आत आलं असेल असं मला वाटत नाही.

ऑर्विल याचं कारण गिऱ्हाइकांना मोठ्या प्रेमाने सांगायचा. आजोबा ऑगस्ट इतके मायाळू, की पाहुण्याला घरच्यासारखं चुलीजवळूनच आत घ्यायचे. मी त्या ऑगस्टला पाहिलंय. त्याने सख्ख्या भावालाही कधी फुकट बिअर पाजली नाही.

खरी गोष्ट बिटर्न तळ्याच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे. गुत्ता मुळात पश्चिम काठावरचा. १९३८च्या हिवाळ्यात तिथल्या लुथरन चर्चच्या बायकांनी मतदान घडवून गावात दारूबंदी आणली. ऑगस्टने गुत्ता बंद केला नाही. त्याने ती अख्खी लाकडी इमारतच ओंडक्यांवर चढवली, घोडे जुंपले आणि गोठलेल्या तळ्यावरून पूर्वेकडे ओढत निघाला. ऐन मध्यावर दोर तुटला आणि रात्रीतून ओंडके बर्फाला चिकटले. तळ्याचा मध्य कुठल्याच गावाचा नव्हता, म्हणजे तिथे दारूबंदी नाही आणि बंद करायची वेळही नाही. पुढचे तीन आठवडे काय धंदा झाला म्हणता! पश्चिमेचा पाद्री उपदेश करायला बर्फावरून चालत गेला, तो दुसऱ्या दिवशी गाणं म्हणत परतला. बर्फ तडतडायला लागल्यावर घाईघाईने गुत्ता ओढला, आणि काठाला जसा लागला तसाच राहिला, पाठ रस्त्याकडे करून.

आता ऑर्विलचा जीव मेटाकुटीला आला होता. पश्चिमेची दारूबंदी केव्हाच उठली होती, आणि शुक्रवारच्या मासळीला सगळा जिल्हा तिथल्या मर्ना कुबियाकच्या सपर क्लबात, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या बारमध्ये, जायचा. तिच्याकडे गाड्या लावायला जागा नसायची आणि याच्याकडे बारवर तेच ते दोन म्हातारे. अशात बातमी आली की राजधानीचं, मॅडिसनचं सरकारी खातं जुन्या गुत्त्यांना ऐतिहासिक वास्तूचा फलक देणार, नकाशावर नाव येणार. फलक नाही मिळाला तर सप्टेंबरात कुलूप, असं त्याने मला स्वच्छ सांगितलं. आमच्या इतिहास मंडळाची मी चिटणीस. मंडळ म्हणजे मी, दोन विधवा आणि कॉफीचं एक पिंप. मी म्हटलं, बर्फाची गोष्ट सांग.

"वेडी आहेस का आर्डिस? मूळ जागेवरचा गुत्ता हवाय त्यांना. हललेला कोण विचारतो?"

"असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? उघड आहे."

मॅडिसनहून मिस लिंडग्रेन आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. तळलेली मासळी मागवली, गोड ब्रँडी मागवली आणि विचारलं, दार दलदलीत का? ऑर्विलने आजोबांची माया सांगितली. मग विचारलं, खोलीची जमीन एका बाजूला उतरती कशी? घर जुनं आहे, असं तो म्हणाला. बाईंनी काटा खाली ठेवला.

"मिस्टर झॅस्ट्रो, ही इमारत कधी हलवली होती का?"

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याने पाय आखडून घेतला.

"एक इंचसुद्धा नाही. झॅस्ट्रो जिथे असतात तिथेच असतात."

बाईंनी जाताना गुपचूप पुढच्या दाराचं माप घेतलं. मग मी त्यांना मर्नाकडे नेलं. तिच्या गाड्यांच्या आवारात ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या आहेत. त्या कुठेच जात नाहीत. वरच्या पायरीवर मर्नाने जिरेनियमची कुंडी ठेवलेली. बाईंनी टेप लावली, आणि माप दाराशी तंतोतंत जुळलं. त्या पायरीवर बसल्याच. मी सगळी गोष्ट सांगितली, पाद्र्यासकट.

"मी याचसाठी आले होते," त्या म्हणाल्या. "बर्फावर उघडा राहिलेला गुत्ता सगळ्या राज्यात दुसरा नाही. तीनदा विचारलं त्यांना."

"आणि मूळ जागेची अट?"

"अशी अटच नाही."

त्या भल्या होत्या. तिथूनच त्यांनी ऑर्विलला फोन लावला आणि सगळं समजावून पुन्हा विचारलं. मला वाटलं, आता तरी सुटेल गाढव. पण पडला तरी नाक वर. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "झॅस्ट्रो शब्द फिरवत नाहीत." बाईंनी फोन ठेवला. मालकच नाही म्हणतोय, तर फलक त्याच्या भिंतीवर कसा लावायचा? मग त्यांनी मर्नाला विचारलं, पायऱ्या त्याच गुत्त्याच्या ना, मग फलक इथे चालेल? मर्ना म्हणाली, हो तर, आणि कुंडी उचलली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणी हिसकावून घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

जुलैत मर्नाच्या आवारात फलक लागला. त्यावर ऑगस्ट झॅस्ट्रोचं नाव, घोडे, बर्फ, तीन आठवडे, सगळं आलं. लोक कुठेच न जाणाऱ्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढायला लागले. सप्टेंबरात ऑर्विलने कुलूप लावलं, अर्थात स्वयंपाकघराच्या दाराला.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो मर्नाकडे आला. फलक वरपासून खालपर्यंत वाचला. आजोबांच्या नावाशी थोडा थांबला, बोट लावून धूळ पुसली. मग तीन पायऱ्या चढला, वर उभा राहिला आणि पुढे काहीच नाही म्हणून उतरला. आम्ही बारवरून पाहत होतो. कुणी हसलं नाही.

तो सवयीने इमारतीला वळसा घालून मागे, स्वयंपाकघराकडे निघाला. मर्नाने खिडकी उघडून हाक मारली.

"ऑर्विल, आमच्याकडे पुढून येतात."

तो आला.