उंदीर कोणी मारायचा

बाबोव्काने आठ महिने तोंडात घास घेतला नव्हता. अजगराने तीन-चार महिने उपास करणं यात काही विशेष नाही, हे तिला पाळणाऱ्या बोहदानाला ठाऊक होतं. पण आठ? सोळाशे ग्रॅमची अजगरीण अकराशेवर आली होती, पाठीचा कणा वर आला होता. शुक्रवारी प्राण्यांच्या डॉक्टरने सरळच सांगून टाकलं, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि इतक्या अशक्त जिवाला ती सोसेलच असं नाही.

हट्टी दोघीही होत्या. बोहदाना दर रविवारी फ्रीजरमधून मेलेला उंदीर काढायची, कोमट पाण्यात सोडायची, केस वाळवायच्या यंत्राने सुकवायची आणि लांब चिमट्यात धरून बाबोव्काच्या नाकापुढे नाचवायची. बाबोव्का तोंड फिरवायची. तरी जिवंत उंदीर द्यायचा नाही म्हणजे नाही! दातांच्या दवाखान्यातली नर्स ती, रक्ताला घाबरणारी नव्हे. पण एका जिवाला पेटीत कोंडून त्याचं मरण बघत बसायचं, हे तिला जमणारं नव्हतं. गेल्या वर्षी ऑस्ट्राव्हा शहरातल्या साप पाळणाऱ्यांच्या बैठकीत तिने यावरूनच आलोइसकाकांना सगळ्यांदेखत कसाई म्हटलं होतं. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेला, चाळीस वर्षं साप पाळलेला म्हातारा. तो टोपी घालून निघून गेला होता.

आणि आज तिनेच फोन करून त्यांना बोलावलं होतं. नाक मुठीत धरून बोलावलं होतं, खोटं कशाला बोला.

काका अकराच्या सुमाराला आले. बगलेत भोकं पाडलेलं खोकं. रविवार होता, पलीकडच्या घरात जेवणासाठी मांस कुटत होते; पातळ भिंतीतून धप-धप ऐकू येत होतं.

"कसायाला चहा मिळेल का?" काकांनी दारातच विचारलं.

"काका, टोमणे नंतर मारा. आधी तिला बघा."

काकांनी पेटीच्या काचेतून बघितलं आणि त्यांची थट्टा तिथेच विरली. "अरे देवा. हिची तर दोरी झाली की गं पोरी! आधी का नाही बोलावलंस?"

"लाज वाटली म्हणून."

काकांनी खोकं उघडून उंदीर पेटीत सोडला. तपकिरी, टपोऱ्या डोळ्यांचा. तो कोपऱ्यात जाऊन मिशा पुसत बसला. बाबोव्काची जीभ दोनदा बाहेर आली. बोहदानाला उंदीर वाचावा असंही वाटत होतं आणि सापाने खावं असंही, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं याचा तिला रागही येत होता.

मग बाबोव्काने डोकं मागे घेतलं, अंगाखाली खुपसलं आणि ती चेंडूसारखी गोळा होऊन बसली.

"भ्यायली," काका पुटपुटले. "उंदराला भ्यायली ही बया!"

उंदराच्याही ते लक्षात आलं असावं. तो पुढे सरकला, वास घेतला, अजगरिणीच्या पाठीवर पंजे टेकले. आणि त्याने दात लावले. बाबोव्का नुसती आक्रसली. मारलं नाही, पळाली नाही.

"काका, तो कुरतडतोय तिला! काढा त्याला!"

काकांनी चिमटा उचलला, पण त्यांची बोटं मिटेनात. चिमटा खणकन खाली पडला. बोहदानाने पुढचा-मागचा विचार न करता उघडा हात आत घातला, उंदराची मान धरली. तो तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. तिने उंदरासकट हात ओढला, तेवढ्यात त्या गोळ्यातून बाबोव्काचं डोकं सुटलं आणि तिच्या मनगटावर आदळलं. क्षणभर दात रुतले, मग सुटले.

"आई गं!"

"झडप घातली!" काका ओरडले, चक्क टाळी वाजवून. "झडप घातली गं हिने! बघ, मान कशी वर धरलीय! भूक आहे तिला. तुझं ते फ्रीजरमधलं तिला गार वाटतं आणि जिवंत अंगावर येतं. गरम पाहिजे आणि निपचित पाहिजे, म्हणजे नुकताच मेलेला. आत्ताच्या आत्ता. पाच मिनिटांत पुन्हा गोळा झाली तर संपलं सगळं."

"मग मारा की काका!"

काकांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं वाकडी झालेली, थरथरणारी. "या हातांनी मला शर्टाचं बटण लावता येत नाही. अर्धवट मेला तर त्याचे हाल होतील. पोरी, तुलाच करावं लागेल."

उंदीर तिच्या मुठीत होता. त्याचं काळीज तिच्या तळव्यावर इतकं जोरात उडत होतं, की तिला स्वतःचं कुठलं नि त्याचं कुठलं कळेना. नाही म्हणावं, दार उघडून याला जिन्यात सोडून द्यावं. मग बाबोव्का मेली तर मेली, आपले हात स्वच्छ. स्वच्छ? फ्रीजरमधले ते डझनभर काय झोपेत गेले होते? कुठल्या तरी अनोळखी माणसाने आपल्यासाठी मारून, पाकिटात भरून पाठवले होते, आणि आपण वर भर सभेत दुसऱ्याला नावं ठेवत होतो.

"कसं करायचं?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघरातलं लाटणं घे, ओट्यावर त्याच्या मानेवर आडवं दाब. शेपटी धर, एकदाच हिसका दे. थांबलीस तर त्यालाच त्रास."

ती थांबली नाही. एक बारीकसा आवाज झाला, बस्स.

तिने चिमटा उचलला आणि उंदीर काचेच्या आत धरला. या वेळी तिने तो नाचवला नाही, नुसता धरून ठेवला. बाबोव्काने एकदा जीभ काढली, दुसऱ्यांदा काढली, आणि सप्पकन झडप घालून वेटोळं आवळलं. वीस मिनिटं दोघं खुर्चीच्या कडेवर बसून होती. शेवटी शेपटीचं टोकही आत गेलं, तेव्हा काकांनी डोळे पुसले.

बोहदानाला आनंद झाला होता. खूप आनंद झाला होता, आणि त्याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

"तो तिला का चावला हो?" तिने नळाखाली अंगठा धरत विचारलं. "तिने तर काहीच केलं नव्हतं."

"उपाशी होता बिचारा. कालपासून खोक्यातच होता, मी काही घातलंच नाही. म्हटलं, मरणाऱ्याला कशाला."

तिने नळ बंद केला.

"पुढचा कधी द्यायचा?"

"दहा-बारा दिवसांनी. आणू ना?"

"आदल्या दिवशीच आणा," ती म्हणाली. "रात्री माझ्याकडे राहू दे. मी त्याला पोटभर जेवायला घालीन."