थोरल्या दिरांचे आठ टक्के

गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या घरात त्या महिन्यात एका आकड्याने उच्छाद मांडला होता. आठ. त्यांच्या थोरल्या दिरांनी आपल्या घराचं कर्ज एका बँकेतून उचलून दुसरीत नेलं आणि व्याज साडेआठवरून आठ टक्क्यांवर आणलं. तेव्हापासून जिन्यात जो भेटेल त्याला ते विचारत, "तुमचं किती?"

बाईंच्या नवऱ्याला हे फार झोंबलं. दोघा भावांनी एकाच इमारतीत, एकाच वर्षी, सारखंच कर्ज काढून घरं घेतली होती. बारा लाख शिल्लक, सहा वर्षं बाकी. "दादा आठ देतो आणि आपण साडेआठ! आपण काय बावळट आहोत?" एरवी हा गृहस्थ शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असायचा. आता तो घास हातात धरून टक्केवारी बोलायला लागला. शेवटी एके दिवशी बायकोला घेऊन त्या दुसऱ्या बँकेत जाऊन बसला.

तिथला कर्ज अधिकारी तरुण होता, टाय लावलेला, जिभेवर साखर. "सर, आठ टक्के! आता तुम्हीच ठरवा." फीचा तक्ता त्याने रंगीत पत्रकाखाली अलगद सरकवला. अर्जात बाईंचा व्यवसाय लिहिताना मात्र तो थबकला. "मॅडम, तुम्ही गाडी शिकवता? मी दोन ठिकाणी शिकलो, पण चढ आला की हातपाय गळतात माझे."

"उद्या सकाळी सातला या," बाई म्हणाल्या. "आणि सहीला दोन दिवस द्या."

बाहेर आल्यावर नवरा धुसफुसला, पण सही टळली ती टळलीच.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. सपाट रस्त्यावर ठीक होता. पुलाचा चढ लागला, पुढे बस थांबली आणि याच्या कपाळावर घाम फुटला. क्लच सुटला, गाडी मागे सरकायला लागली.

"मॅडम! मॅडम!"

बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खात होते.

"घाबरू नका, ब्रेकवर पाय माझा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "एक सांगा. आमच्या जागी तुम्ही असता, तर कर्ज हलवलं असतं?"

"नाही हो!" तो कळवळून बोलला. आपण काय बोलून बसलो हे कळेपर्यंत पुढचंही निघून गेलं होतं. "आमची फी, वकील, घराची किंमत ठरवणारा, नव्याने गहाण नोंदवायचा खर्च, सगळं धरून पंचेचाळीस हजार. सहा वर्षांत व्याज वाचणार एकवीस. कर्ज मोठं असतं, वर्षं वीस उरली असती, तर गोष्ट वेगळी."

"मग काल का नाही बोललात?"

"सगळेजण दर विचारतात, मॅडम. फी कुणी विचारतच नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुमच्याच बँकेत जा. आम्ही चाललो म्हणून सांगा. थोडक्या फीत दर उतरवतील."

तसंच झालं. जुन्या बँकेतल्या अधिकारी मुलीने चहा घेता घेता आठ पूर्णांक एक दशांश करून दिलं. फी तीन हजार. "आधी का नाही केलंत?" बाईंनी विचारलं. "तुम्ही आधी आलाच नाहीत," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

फी वजा जाता चौदा हजार वाचले. नवऱ्याचं तोंड मात्र उतरलेलंच. "म्हणजे दादापेक्षा एक दशांश जास्तच ना!"

बाईंनी कागदावर मांडून दाखवलं. एकवीस वाचवायला पंचेचाळीस भरून दादांनी चोवीस हजार घालवले होते. ते पाहिल्यावर गृहस्थ उजळला. "रविवारी दादाच्या पुढ्यातच ठेवतो हा कागद!"

रविवारी थोरल्यांकडे जेवण होतं. बाई ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तशी जाऊबाईंनी दार लोटलं.

"तुम्हालाही पंचेचाळीसच सांगितले ना?"

बाई चपापल्या. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी हिशेब केला मी, पण तोवर हे सही करून आले होते." जाऊबाई ताटं पुसत राहिल्या. "यंदा ऑफिसात यांना डावलून त्या काल आलेल्या पोराला वरची जागा दिली. दोन महिने माणूस घरात तोंड उघडत नव्हता. आता निदान जिन्यात बोलतो तरी. चोवीस हजारांत डॉक्टरने तरी एवढं केलं असतं का?"

बाई ताटं घेऊन बाहेर आल्या तेव्हा नवऱ्याचा हात खिशाकडे चालला होता. त्यांनी पायाने त्याचा पाय असा दाबला, की तो कळवळून गप्प बसला.

"मग? तुमचं किती झालं शेवटी?" थोरल्या दिरांनी विचारलं.

"आठ पूर्णांक एक," बाई म्हणाल्या. "तुमच्याइतकं काही जमलं नाही, भावजी."

"अरेरे," दीर म्हणाले, आणि भावाच्या ताटात त्यांनी प्रेमाने आणखी भात वाढला.