विनायकरावांचा ‘हो’

"अहो, खांब सोडू नका! आले, आले मी!" हातातली बादली तशीच टाकून दमयंती ओसरीवर धावली.

"हो," विनायकराव म्हणाले.

पक्षाघाताला दोन वर्षं झाली होती. त्यानं उजवी बाजू नेली, सगळे शब्द नेले आणि मागे ठेवला तो एवढा एकच. चहा हवाय? हो. नकोय? हो. छत्तीस वर्षं दमयंती नवऱ्याला ‘अहो’ म्हणत आली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या अहोंचा ‘अ’ गेला बघा, ‘हो’ तेवढा उरला." सांगताना ती हसायची, आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते कळायचं नाही.

घर लाकडी, वर पत्रे. विनायकराव देश सोडून इथे परदेशात, आंग मो किओ भागातल्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा सोबतच्या लिमनं आपल्या आईचं हे रिकामं घर दाखवलं. "चार महिने काढू," म्हणता म्हणता चोवीस वर्षं गेली. चहूकडे टॉवर उगवले, ही वीस-पंचवीस घरांची वाडी तेवढी राहून गेली. विनायकराव सुताराच्या घरातले. फळी कुजली की बदलायचे, खांब हलला की पाचर मारायचे. आजारानंतर त्याच घरानं त्यांना चालवलं. पलंगावरून चौकट, चौकटीवरून फळी, फळीवरून खांब असं त्यांच्या डाव्या हाताला सगळं घर पाठ होतं. दिवाळीला मुलाकडे, अनिशच्या पुंगोलच्या फ्लॅटवर नेलं, तर गुळगुळीत भिंतीवरून हात घसरला आणि धाडकन पडले. त्यानंतर चाकाच्या खुर्चीतून उठायलाच तयार होईनात. इथे परतले आणि दुसऱ्या दिवशी चालायला लागले! म्हणून दमयंती हे घर सोडायला तयार नव्हती.

बाकी घराचं कौतुक तिला नव्हतं. रविवारी लोक कॅमेरे घेऊन यायचे, "सो पीसफुल!" म्हणायचे. बारा महिने राहून बघा म्हणावं मेल्यांनो! चादरी कधी धड वाळत नाहीत, डाळीला बुरशी, चपलेत गोम, आणि इथल्या डिसेंबरच्या पावसात पाच ठिकाणी बादल्या. त्यात यंदा खांबांना वाळवी लागली. औषध मारायला आलेल्या माणसानं बोटानं वाजवून पाहिले, तर तीन खांब भोपळ्यासारखे पोकळ बोलले.

"आई, इट्स नॉट सेफ," अनिश म्हणाला. "बाबा, येताय ना पुंगोलला?"

"हो."

"बघ, हो म्हणाले."

"अरे, चंद्रावर येता का विचार, तरी हो म्हणतील! तिथे ते खुर्चीला खिळतील रे. इथे निदान चालतात."

अनिशनं विषय तिथेच सोडला. हट्टी होता, पण वाईट नव्हता.

त्या गुरुवारी पाऊस सकाळपासून हटला नव्हता. दुपारी विनायकरावांनी अंथरूण ओलं केलं. घरातली शेवटची कोरडी चादर होती ती. त्यांना उठवताना दमयंतीच्या कमरेत सणक भरली, आणि नेमका तेव्हाच पत्र्यातून धार लागली ती थेट गादीवर. तिच्या तोंडून निघून गेलं, "मरा एकदाचे! सुटू दे मला!"

"हो," विनायकराव म्हणाले.

दमयंतीनं जीभ चावली. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आईनं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. चोवीस वर्षं ह्या गळक्या घरात तिनं जीभ सांभाळली होती. वास्तूनं ऐकलं की नाही देव जाणे, पण ह्यांनी ऐकलं होतं.

"नाही म्हणा हो!" ती त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून रडायला लागली. "माझी जीभ झडो. एकदा, एकदाच नाही म्हणा!"

विनायकरावांनी प्रयत्न केला. ओठ वेडेवाकडे हलले, मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"हो," ते म्हणाले, आणि डावा हात तिच्या डोक्यावरून फिरवत राहिले.

संध्याकाळी तिनं फोन केला. "अनिश, ये बाबा. घेऊन जा आम्हाला. खांबांचं राहू दे, माझाच माझ्यावर भरवसा नाही उरला."

शनिवारी अनिश व्हॅन घेऊन आला. सोबत त्याची सहा वर्षांची मुलगी जाई होती. सामान असं फारसं निघालंच नाही, निम्मं कुजलेलं. शेवटी विनायकरावांना ओसरीवर आणलं, तर त्यांनी खांब धरला तो सोडेचनात.

"बाबा, सोडा ना."

"हो."

"बाबा, प्लीज. पाऊस येतोय."

"हो. हो. हो."

पकड ढिली होईना. अनिश पुढे झाला तशी दमयंतीनं त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः एकेक बोट सोडवलं. शेवटचं सोडवताना कर्र आवाज झाला. विनायकरावांनी मूठ मिटून घेतली आणि चाकाच्या खुर्चीत बसले. वाटभर ती मूठ उघडली नाही.

पुंगोलला लिफ्टमध्ये जाईचं त्या मुठीकडे लक्ष गेलं. इथल्या पोरांसारखं तीही वाक्याच्या शेवटी उगाच ‘लाह’ लावायची. "आजोबा, व्हॉट्स इनसाइड? ओपन लाह!"

मूठ उघडली. आत खांबाचा ढलपा होता, वाळवीनं चाळण केलेला, आणि चिमूटभर भुसा.

"ईऽऽ! थ्रो लाह, सो डर्टी!"

दमयंती खाली वाकली. "अहो, टाकून देऊ?"

"हो," विनायकराव म्हणाले.

तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यांची पाचही बोटं त्या ढलप्यावर पुन्हा मिटवली, आणि बारावा मजला येईपर्यंत ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली.