ताईच्या गळ्यातली टिकटिक

यंत्र असं कडाडलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हातच ठेवले.

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली, जिन्यात उभी राहिली. स्टेजवर पांढराशुभ्र कोट घातलेला यंत्रबाबा एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर डावा हात ठेवून उजव्या हातातलं यंत्र त्याच्या छातीवरून फिरवत होता. टिकटिकटिकटिक!

"ऐकलंत? हे तुमच्या रक्तातलं विष बोलतंय! डॉक्टर काय म्हणाले? रिपोर्ट नॉर्मल! अहो, डॉक्टर खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही!"

मग तांब्याची पट्टी फिरली, "कणाकणानं मोकळा हो" अशी पुटपुट झाली, बाबानं दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि यंत्र पुन्हा म्हाताऱ्याच्या छातीशी धरलं. या वेळी फक्त उजवा हात. टिक... टिक. जवळजवळ शांत. हॉल टाळ्यांनी दणाणला आणि म्हातारा बिचारा हुंदके देऊन रडायला लागला.

सगळ्यात मागे उभ्या असलेल्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला हे यंत्र चांगलं ओळखीचं होतं. विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात ती किरणोत्सर्गापासून सुरक्षितता सांभाळणारी तंत्रज्ञ होती. किरणोत्सर्ग मोजणारं असंच मीटर घेऊन ती दिवसभर टेबलं, बेसिनं, दारांच्या मुठी आणि कचऱ्याचे डबे तपासायची. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आधी तिच्यासमोर हात पसरावे लागत, मग तो विद्यार्थी असो की विभागप्रमुख. पोरं पाठीमागे तिला 'पंजे दाखवा बाई' म्हणत. आज ती इथे आली होती ती थोरल्या बहिणीला, ताईला शोधत. फोन उचलत नव्हती म्हणून भाऊजींना विचारलं, तर ते म्हणाले, "हॉलवर गेलीय. आज तिचा सत्कार आहे."

सत्कार! कसला, ते लगेच कळलं.

"आता आपली लाडकी ताई!" बाबानं हाक मारली. ताई स्टेजवर चढली. चार पायऱ्यांत तिला धाप लागली. चेहरा सुजलेला, आणि त्या घामट गर्दीत अंगात स्वेटर. बाबानं यंत्र तिच्या गळ्याशी धरलं. एक टिक वाजली, मग बराच वेळ काहीच नाही.

"पहिल्या दिवशी ही जवळ आली आणि यंत्र बोंबलायला लागलं! मी हातसुद्धा लावला नव्हता!"

ते मात्र खरं होतं. भाऊजी कौतुकानं सांगायचे की तेव्हा बाबासुद्धा दचकून मागे सरकले. दचकणार नाही तर काय? जन्मात पहिल्यांदा त्याच्या यंत्राला खरं काहीतरी सापडलं होतं.

"डॉक्टरांनी हिच्या गळ्यात विष घातलं, मी ते काढलं! दर आठवड्याला कमी, दर आठवड्याला कमी! आणि बाळ, त्या गोळ्या?"

"बंद केल्या," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "महिना झाला."

पुन्हा टाळ्या. माणसं जीव घेतात आणि वर टाळ्याही मिळवतात!

जिन्यातच धाकटीनं ताईचा दंड धरला. "गोळ्या बंद? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अगं, कॅन्सर होता म्हणून तुझी थायरॉइडची ग्रंथीच काढून टाकलीय. तिचं काम आता ती गोळी करते. गोळी नसेल तर अंग हळूहळू बंद पडत जातं. धाप, सूज, थंडी... सगळं त्याचंच आहे. आणि कॅन्सरची एखादी पेशी मागे राहिली असेल, तर तिला गोळीचा धाक नाही, रान मोकळं!"

"ओरडू नकोस. विष बाहेर पडताना त्रास होतोच, बाबा म्हणाले." ताई कठड्याला टेकली. "आणि मला एक सांग. हॉस्पिटलातही हेच यंत्र लावायचे ना? रोज सकाळी. आकडा खाली आला की नर्स म्हणायची, छान, आता घरी सोडू. मग आता तर यंत्र गप्पच झालंय. म्हणजे मी बरी झाले ना?"

आता या बाईला मूर्ख म्हणायची कुणाची छाती आहे? ऑपरेशननंतर तिला किरणोत्सारी आयोडिन पाजलं होतं. उरल्यासुरल्या पेशी ते शोषून घेतात आणि त्यातच मरतात. काही दिवस रोग्याच्या अंगातून किरणं बाहेर पडतात, म्हणून वेगळ्या खोलीत ठेवतात आणि आकडा उतरला की घरी सोडतात. इतरांना धोका नको, एवढाच त्याचा अर्थ. ते यंत्र औषध मोजत होतं, आजार नव्हे. पण 'आकडा उतरला, घरी जा' असं ऐकलेल्या माणसाला हे कुणी नीट समजावलंच नव्हतं. त्या फटीत बाबानं पाय घातला.

"ताई, ते आयोडिन आपलं आपणच संपतं गं. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. वर लघवीतून गेलं ते वेगळंच. बाबा नसता तरी यंत्र गप्पच झालं असतं."

"हे तुझं पुस्तकातलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

धाकटी दातओठ खात घरी गेली. ताईनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा आता डोळ्यांनाच दाखवणं भाग होतं. हॉस्पिटलात ताईच्या शेजारच्या खोलीत एक बसकंडक्टर बाई होती. तिलाही तेच औषध त्याच दिवशी दिलं होतं. भिंतीला तोंड लावून दोघी गप्पा मारायच्या. धाकटीनं तिला गाठलं. साहेबांना विचारून केंद्रातलं मीटरही घेतलं.

"येते की," कंडक्टरबाई म्हणाली. "विनातिकीट माणूस मी चेहऱ्यावरून ओळखते."

पुढच्या आठवड्यात हॉल पुन्हा तुडुंब. ताई अनुभव सांगायला स्टेजवर बसली होती. कंडक्टरबाई सरळ पुढे गेली. "बाबा, मलापण यांच्यासारखंच आयोडिन दिलंय, यांच्याच दिवशी. बघा बरं माझ्यात किती विष आहे!"

बाबाला आयतंच गिऱ्हाईक मिळालं. डावा हात तिच्या खांद्यावर, यंत्र गळ्याशी. टिकटिकटिकटिक! "बघा! जी माझ्याकडे आली नाही तिची ही दशा!"

"डावा हात काढा," धाकटी स्टेजवर चढत म्हणाली.

"कोण आपण?"

"तिची धाकटी बहीण. हात काढा म्हटलं ना!"

कंडक्टरबाईनं खांदा झटकला. यंत्र एकदम गप्प झालं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. धाकटीनं स्वतःचं मीटर कंडक्टरबाईच्या गळ्याशी धरलं. एखादीच टिक.

"आता तुमचे पंजे दाखवा."

"साधकाच्या हाताला यंत्र लावलं तर शक्तीचा कोप—"

"लोकांच्या गळ्याला लावताना नाही होत कोप?"

बाबा मागे सरकला, पण कंडक्टरबाईनं त्याचं मनगट कधीच पकडलं होतं. "तिकीट दाखवल्याशिवाय उतरायचं नाही!" धाकटीनं मीटर कोटाच्या बाहीजवळ नेलं आणि ते किंचाळायला लागलं. बाहीच्या दुमडीतून तिनं एक पांढरी जाळी ओढून काढली.

"हे गॅसबत्तीचं जुनं मेंटल. यात किरणोत्सारी थोरियम असतं, त्यानंच यंत्र वाजतं. हात खांद्यावर असला की विष आलं, हात वर गेला की विष गेलं. एवढीच यांची शक्ती!" तिनं ती जाळी बाबाच्या खुर्चीवर ठेवली आणि मीटर लावलं. टिकटिकटिकटिक! "आता काय, खुर्चीला आजार झाला?"

कुणीतरी हसलं. बाकीचे नाही हसले. मागच्या आठवड्यात रडलेला तो म्हातारा उठून उभा राहिला होता.

"ही सगळी डॉक्टरांची कारस्थानं!" बाबा ओरडला. "ताईला विचारा! तिला तर मी हात लावला नव्हता!"

ताई सावकाश उठली. तिनं धाकटीच्या हातातून मीटर घेतलं, स्वतःच्या गळ्याशी धरलं, मग कंडक्टरबाईच्या. दोन्हीकडे सारखाच शुकशुकाट. तिनं मीटर परत दिलं आणि कंडक्टरबाईला विचारलं,

"तू याआधी इथे कधी आली होतीस?"

"कधीच नाही बाई. मी आपली गोळी घेते आणि ड्युटीला जाते."

ताई बाबाकडे वळली. "मग हिचं विष कुणी काढलं हो?"

उत्तराची वाट न बघता ती धाकटीजवळ आली आणि म्हणाली, "मला दवाखान्यात ने."

रक्ताचा रिपोर्ट आला आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. सूज उतरायला वेळ लागेल, आणि त्या महिन्यात आत कुठली पेशी जागी झाली की नाही हे पुढच्या तपासण्यांतच कळेल. एका निरोगी होऊ पाहणाऱ्या बाईच्या मानेवर त्या कोटवाल्यानं ही टांगती तलवार ठेवली, आणि स्वतः? स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा हॉल घेतला, नवं यंत्र घेतलं. तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे म्हणतात.

ताई मात्र चौकशीची वाट बघत बसली नाही. बाबाचा कार्यक्रम असेल त्या दिवशी ती त्या नव्या हॉलच्या जिन्यात सर्वांत खालच्या पायरीवर बसते. आवाज अजून घोगराच आहे, तरी वर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते. काही जण तिला वेडी म्हणतात, काही ढकलून जातात.

"जायचं तर जा," ती म्हणते. "पण वर यंत्र वाजलं की टाळी वाजवायच्या आधी विचारा, हे नक्की काय मोजतंय? आपण गेलो नसतो तर काय झालं असतं? आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन मगच वर जा. बाबा खरा असेल, तर तुमच्या एका गोळीनं त्याचं काय बिघडणार आहे?"