सखूचा वरवंटा

तातेराव सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले सगळे देव फडक्यात बांधून मुशी नदीत सोडून दिले. बायको विमलाबाईनं रिकामा कोनाडा पुसून घेतला. सात वर्षांच्या सखूनं मात्र विचारलं, "त्यांना पोहता येतं का?"

पुढच्याच महिन्यात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. नांदेडकडचं त्यांचं गाव मुंबई राज्यात गेलं. कारखान्यात दुसरा विषय नव्हता, पण तातेरावचं कशातच लक्ष नव्हतं. धाकट्या दौलतला ताप आला होता. ताप उतरला, पण पोराचा डावा पाय उचलेना.

एका रविवारी सखू परसात खेळत होती. उलटी परात म्हणजे देऊळ. वरवंट्याला लुगड्याची चिंधी नेसवून तिनं देव केला होता. समोर चिंचोक्यांची रांग दर्शनाला उभी, आणि टवका उडालेला एक चिंचोका सगळ्यांच्या पुढं.

"हा कोण गं?" तातेरावनं विचारलं.

"दौलत. त्याला रांग नाही. त्याचा पाय दुखतो ना." एवढं बोलून सखूनं डोळे मिटून हात जोडले.

"सखू, आपण देवाला हात जोडायचे नाहीत आता. सांगितलं होतं ना मी?"

"हा कुठं देव आहे, बा? वरवंटा आहे. खेळातला देव आहे."

"मग त्याला काय मागायलीस?"

"दौलतचा पाय."

"दगड पाय देत नसतो, बाळा."

"मग कोण देतं?"

"डॉक्टर देतात," तातेराव म्हणाला. सखूला ते पटलं.

डॉक्टरांनी मालिश सांगितली, औषधं दिली, पुन्हा पुन्हा बोलावलं. शेवटी एका दुपारी ते हळू आवाजात म्हणाले, "अब पाँव में ताकत नई आती, भाई. हमारे से इत्ताच होता. घर लेके जाओ."

तातेरावनं दौलतला खांद्यावर टाकून घरी आणलं, बाजेवर निजवलं. विमलाबाई चुलीपुढं होती. तिला सांगायचा धीर होईना, म्हणून तो परसात गेला. सखूनं आजही परातीवर वरवंटा तसाच मांडला होता. त्याच्याकडं बघता बघता आपले हात कधी जोडले गेले आणि मान कधी खाली गेली, हे त्याला कळलंच नाही.

"बा."

त्यानं झटकन हात सोडले. मागं सखू उभी होती.

"मी खेळ मोडला, बा. आई वरवंटा मागायली, मसाला वाटायचाय. तो आता वरवंटाच आहे."

"हां. ने."

सखूनं चिंधी सोडली, पण वरवंटा काही उचलला नाही. ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"पुन्हा मांडू का?" तिनं हळूच विचारलं.

तातेरावला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. आतून विमलाबाईनं वरवंट्यासाठी दुसऱ्यांदा हाक मारली.